जुन्या डेस्कटॉपात नक्की काय बदलू? (डीटीपीचं काम, चोपडा)

पत्रिकावाली ताई, चोपडा

राम राम मंडळी. चोपड्याला माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, हँडबिलं, वाढदिवसाचे फ्लेक्स, आणि मधल्या वेळात लोकांचे ऑनलाइन फॉर्म. मशीन २०१४ साली जळगावहून असेंबल करून आणलेलं. आय३-४१३० प्रोसेसर, एच८१ बोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०.

नवरा म्हणतो भंगारात दे. मुलगा पुण्याला शिकतो, तो म्हणतो ग्राफिक कार्ड टाक. इथला दुकानदार म्हणतो, "जुना आय७ टाकून देतो, विमान होईल." तिघांची तीन मतं, पैसे मात्र माझे.

सकाळी बटण दाबून झाडलोट, अगरबत्ती, टपरीवरचा चहा सगळं उरकते तेव्हा कुठे कोरल (डिझाइनचं सॉफ्टवेअर) उघडायच्या लायकीचं होतं. पत्रिका एकवेळ होऊन जाते. फ्लेक्सला जीव जातो. परवा दहा बाय सहाचा होता. मधोमध नवरदेव-नवरी, वर कुलदैवत, खाली सगळ्या भावकीचे गोल फोटो. गिऱ्हाईक खुर्ची ओढून शेजारीच बसलेलं. "ताई, आबांचा फोटो थोडा वर घ्या." आबा वर सरकेपर्यंत इतका वेळ गेला की त्यांचाच पुतण्या म्हणाला, आता नावामागे 'कै.' लावावं लागतं की काय!

शिवाय रोज सकाळी तारीख मागे गेलेली असते, आणि फॉर्मच्या साइट 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणून उघडत नाहीत.

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत करायचंय, दहा हजारांच्या वर जायचं नाही. मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचा यूएसबी डोंगल आहे (तो लावल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडत नाही), तो चाललाच पाहिजे. सगळ्या जुन्या पत्रिका त्याच फॉन्टात आहेत.

गोलाणीतला मिस्त्री, जळगाव

ताई, आज काहीच विकत घेऊ नका. तो आबांचा फ्लेक्स उघडा, कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, 'परफॉर्मन्स'मध्ये जा आणि फोटो सरकवताना सीपीयू, मेमरी, डिस्क तिन्हींचे आकडे लिहून घ्या. 'धिस पीसी'वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये 'सिस्टिम टाइप'समोर काय लिहिलंय तेही सांगा. मग बोलू.

पत्रिकावाली ताई, चोपडा

सीपीयू २५-३० च्या आसपास. मेमरी ९४. डिस्क १०० वर गेली ती खाली यायचं नाव नाही. सिस्टिम टाइपला '३२-बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स६४-बेस्ड प्रोसेसर' असं आहे.

गोलाणीतला मिस्त्री, जळगाव

झालं, मशीननेच सांगून टाकलं. प्रोसेसर पाऊण रिकामा बसलाय. रॅम भरली की विंडोज उरलेला माल हार्ड डिस्कवर टाकतं, डिस्कची सुई तबकडीवर इकडून तिकडे धावते, आणि आबा अडकतात. आय७ टाकला तर तो आय३ पेक्षा महाग होऊन रिकामा बसेल, एवढाच फरक. आय७-४७७० तुमच्या सॉकेटात बसतो, खोटं नाही. पण तो ८४ वॉटचा, तुमचा ५४ चा. एच८१ चे स्वस्त बोर्ड, त्यात आपल्याकडचा मे महिना. मी तरी टाकणार नाही. ग्राफिक कार्डाचं म्हणाल तर जुनं कोरल त्याला विचारतही नाही. मुलाला गेम खेळायची असेल.

आता महत्त्वाचं. तुमचं विंडोज ३२-बिट आहे. त्याला ४ जीबीच्या वरची रॅम दिसतच नाही, आणि त्या ४ मधूनही थोडी ग्राफिक्सला नि बोर्डाला जाते. म्हणजे कुणी उद्या ८ जीबी टाकून दिली असती तर बिल झालं असतं, फरक शून्य. माझ्या टेबलावर अशी मशीनं येतात. रॅम भरलेली, विंडोज ३२-बिट, आणि मालक म्हणतो कंपनी बोगस.

प्रोसेसर ६४-बिटचा आहेच, म्हणून विंडोजही ६४-बिटचं टाकायचं. तेव्हा क्रम असा लावा. पहिलं डोंगल. फॉन्टच्या कंपनीला फोन करून डोंगलचा ६४-बिट ड्रायव्हर (विंडोजला डोंगल ओळखायला लावणारं छोटं सॉफ्टवेअर) आहे का विचारा आणि तो पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवा. जुनं ३२-बिट सॉफ्टवेअर ६४-बिट विंडोजवर चालतं, पण ड्रायव्हर मात्र ६४-बिटचाच लागतो. तो मिळत नसेल तर फॉरमॅटला हात लावू नका, आधी इथे येऊन सांगा.

ड्रायव्हर मिळाला की साटा एसएसडी (सुई-तबकडी नसलेली वेगवान डिस्क, साटा केबलने लागणारी), २५० जीबीच्या आसपासची पुरे. एच८१ वर चार साटा पोर्ट असतात, त्यातले दोनच ६ जीबीचे, बहुधा वेगळ्या रंगाचे. एसएसडी त्यातल्या एकाला लावायला सांगा. कुणी 'एनव्हीएमई घ्या, जास्त फास्ट' म्हणालं तर हात जोडा, ती थेट बोर्डावर बसणारी एसएसडी, तुमच्या बोर्डावर तिची जागा नाही. विंडोज कोरं टाकावं लागेल, ३२ वरून ६४ वर नुसतं अपडेट होत नाही. लायसन खरं असेल आणि एडिशन तीच टाकली, तर त्याच बोर्डावर पुन्हा चालू होतं.

रॅम डीडीआर३ डेस्कटॉपची. लॅपटॉपची पट्टी छोटी असते, डीडीआर४ ची खाच दुसरीकडे असते, दोन्ही बसणार नाहीत. बोर्डावर दोनच खाचा आहेत. आता एकच पट्टी असेल तर तशीच ४ ची दुसरी. नवी मिळणं अवघड, जुन्या ऑफिसांतून निघालेली मिळते. ती घेतल्यावर रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) लावून बघा, लाल ओळ आली की दुसऱ्या दिवशी परत.

तारखेचं दुखणं बोर्डावरच्या गोल सेलचं. सीआर२०३२, घड्याळवाल्याकडेही मिळतो. साइटच्या सर्टिफिकेटला मुदत असते, तुमची तारीख मागे गेली की ब्राउझरला सगळं जग बनावट वाटतं.

आणि हे फुकटचं: फ्लेक्स किती डीपीआयवर (इंचाला किती ठिपके) करता?

पत्रिकावाली ताई, चोपडा

३००. पत्रिकेला तेच ठेवते ना.

गोलाणीतला मिस्त्री, जळगाव

पत्रिका हातात धरून वाचतात, फ्लेक्स चौकातून बघतात. दहा बाय सहा फूट म्हणजे १२० बाय ७२ इंच. ३०० ने ३६००० बाय २१६०० पिक्सेल झाले. सीएमवायकेत (छपाईच्या चार रंगांत) प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट धरले तर नुसतं बॅकग्राउंडच ३ जीबीच्या वर! तेच ७२ वर केलं तर १८० एमबीच्या आत येतं. छापणाऱ्याला विचारून घ्या, पण एवढ्या मोठ्या मापाला ७२ ते १०० वर बहुतेक जण काम करतात. आबा आजच हलतील.

धुळेकर_अकाउंटंट

मिस्त्रीभाऊंचं हिशेबाने बरोबर आहे, पण मी वेगळं सांगेन. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, ताईंचा चौथ्या पिढीचा. ताई लोकांचे आधार, बँक पासबुक स्कॅन करतात, दहा जणांचे पेन ड्राइव्ह लावतात. अशा मशीनवर अपडेट नसलेलं विंडोज मला पटत नाही. ऑफिसातून निघालेला आठव्या पिढीचा डेस्कटॉप बघा. बजेट थोडं वाढेल, पण पुन्हा पुन्हा खर्च नको.

गोलाणीतला मिस्त्री, जळगाव

अण्णा, मुद्दा मान्य. म्हणूनच बोर्ड-प्रोसेसरवर रुपया घालू नका म्हणतोय. एसएसडी पुढच्या मशीनला लागेल, डीडीआर३ रॅम लागणार नाही, म्हणून ती ४ च घ्यायची, १६ चा मोह नको. पण ऐन लग्नसराईत नवीन मशीन, नवीन विंडोज, डोंगल चालेल की नाही माहीत नाही, हा ताप कोण घेणार? एक करा ताई, फॉर्मचं काम या मशीनवरून काढा. घरात मुलाचा जुना लॅपटॉप असेल तर तो बघा. विंडोज १० चे वाढीव सिक्युरिटी अपडेट घरगुती वापराला ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, पण तुमचं दुकान आहे, त्यावर विसंबू नका.

पत्रिकावाली ताई, चोपडा

फ्लेक्स ७२ वर केला. आबा पळायला लागले, खरंच! फॉन्टवाल्यांनी ६४-बिट ड्रायव्हर मेल केलाय. लॅपटॉप मुलगा सुट्टीत आणतोय. ग्राफिक कार्डाचं त्याला विचारलं तर फोनच ठेवला त्याने.

जुनी हार्ड डिस्क आतच ठेवू का? सगळ्या पत्रिका त्यातच आहेत.

गोलाणीतला मिस्त्री, जळगाव

आधी क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत सांगणारं सॉफ्टवेअर) लावा. 'कॉशन' पिवळं आलं तर त्याच दिवशी सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवा, मग ती काढूनच टाका. निळं 'गुड' आलं तरी एक कॉपी बाहेर काढून घ्या, मग खुशाल आत राहू द्या. विंडोज टाकताना मात्र तिची केबल काढून ठेवायला सांगा. घाईत पोरं चुकीची डिस्क फॉरमॅट करतात.

आणि बोर्ड उघडलाच आहे तर पंख्यातली धूळ काढून थर्मल पेस्ट नवीन लावून घ्या. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरायचा, मोकळा फिरू द्यायचा नाही.