शेतात राबणाऱ्या गटाने हर-की-दूनच्या पदभ्रमणाची तयारी कशी करावी?

प्रश्न : चांदूरबाजारकर

नमस्कार. आमच्या गावातील आम्ही नऊ जण मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात उत्तराखंडातील हर-की-दून येथे जाण्याचा बेत करीत आहोत. मृग लागण्यापूर्वी गावी परतणे भाग आहे. आमच्यापैकी बहुतेकांनी पचमढीची नागद्वार यात्रा भर पावसात, निसरड्या वाटांनी केलेली असल्यामुळे चालण्याची धास्ती नाही. मात्र यात्रेत पाठीवर जेमतेम एक पिशवी असते आणि वाटेत मंडळांचे भंडारे असल्याने शिधा वाहावा लागत नाही. येथे तंबू, शिधा आणि भांडी आम्हीच वाहणार आहोत. या वजनाची वाटणी कशी करावी? गटात रक्तदाबाची गोळी सुरू असलेले बावन्न वर्षांचे एक काकाजी आहेत. त्यांना न्यावे की नाही? शिवाय कापसाचे गाठोडे उचलणाऱ्याला आणखी सराव कशाला हवा, असे तरुण मंडळींचे म्हणणे आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : आरोग्यसेविका, यवतमाळ

काकाजींपेक्षा मला आपल्या तरुण मंडळींची काळजी अधिक वाटते. गाठोडे उचलण्याची ताकद आणि विरळ हवा सोसण्याची क्षमता या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. आपण राहतो तो प्रदेश समुद्रसपाटीपासून तीन-चारशे मीटर उंचीवर आहे. सांकरी हे पायथ्याचे गाव सुमारे १,९०० मीटरवर आणि हर-की-दून सुमारे ३,५०० मीटरवर. साधारण २,५०० मीटरच्या वर गेल्यावर डोके दुखणे, मळमळ, भूक मरणे, झोप न लागणे असा त्रास कोणालाही होऊ शकतो आणि अंगातील जोर त्यापासून वाचवत नाही. उलट दमदार माणूस भराभर चढतो, म्हणून तोच आधी अडचणीत सापडण्याचा संभव असतो.

३,००० मीटरच्या वर गेल्यावर रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरपेक्षा अधिक वाढू देऊ नये, असा सर्वमान्य दंडक आहे. सीमा या मुक्कामावरून निघून त्याच दिवशी हर-की-दूनला पोहोचणे आणि तेथेच झोपणे म्हणजे जवळजवळ हजार मीटरची उडी होते. म्हणून मधे एक मुक्काम करावा, किंवा वर जाऊन संध्याकाळपूर्वी खाली परतावे. दुसरा पर्याय निवडल्यास मात्र तो दिवस फार लांबतो, हे लक्षात ठेवून पहाटेच निघावे. डोके दुखू लागल्यास त्या दिवशी आणखी वर चढू नये. चालताना तोल जाऊ लागला, बोलण्यात असंबद्धपणा आला किंवा नुसते बसल्या जागी धाप लागली, तर रात्र असली तरी त्या माणसाला सोबत घेऊन तत्काळ खाली उतरावे.

गटात खरी अडचण असते ती लपवालपवीची. आपल्यामुळे इतरांचा बेत मोडेल या संकोचाने माणूस डोकेदुखी सांगतच नाही. त्यामुळे रोज सकाळी आणि संध्याकाळी प्रत्येकाला नावानिशी विचारण्याचे काम एकाकडे सोपवावे, आणि तो माणूस गटातील सर्वांत उत्साही नसावा. काकाजींनी आपल्या डॉक्टरांना उंचीचा आकडा सांगून तपासणी करून घ्यावी आणि गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. उंचीचा त्रास टाळण्यासाठी ॲसिटाझोलामाइड दिले जाते, पण तेही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे; सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असल्यास ते आधी सांगावे. वर असेपर्यंत दारू नको. खर्राही (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) घरीच ठेवलेला बरा. निदान त्याच्या पन्न्या डोंगरात टाकू नयेत.

उत्तर : पायवाट, वर्धा

वजनाबद्दल लिहितो. पाठीवरचे एकूण ओझे शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आत ठेवावे, म्हणजे साठ किलोच्या माणसाने बारा किलोपेक्षा अधिक उचलू नये. आधी सामाईक सामान एका जागी मांडावे आणि ते वजनकाट्यावर मोजून वाटावे. डोळ्यांच्या अंदाजाने वाटल्यास दुसऱ्याच दिवशी कुरकूर सुरू होते. तंबूचे कापड एकाकडे, दांड्या दुसऱ्याकडे अशी फोड करता येते. जड वस्तू पाठीला चिकटून आणि मध्यावर भराव्यात आणि कमरेचा पट्टा घट्ट आवळावा, म्हणजे भार खांद्यांऐवजी कमरेवर येतो. काकाजींना सामाईक सामान देऊ नये, पण चालण्याचा वेग मात्र त्यांच्याकडून घ्यावा. सर्वांत मागे एक अनुभवी माणूस ठेवावा आणि त्याच्या मागे कोणी राहू नये.

स्वयंपाकाचा विचार आतापासून करा. साडेतीन हजार मीटरवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे उघड्या भांड्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही. छोटा कुकर आणि मुगाची डाळ न्यावी. पहिल्या दिवसांसाठी तिखट-मिठाच्या पुऱ्या, पुढे सातूचे पीठ, फुटाणे, गूळ आणि जवसाची चटणी यांनी बरेच भागते. गॅसची नळकांडी रेल्वेत नेण्यास मनाई आहे. ती देहरादूनला घ्यावी लागतील. आणखी एक गोष्ट आपल्या भागातील माणसाला रुचणार नाही, पण सुती कपडे घामाने भिजले की लवकर वाळत नाहीत आणि थंडीत अंग गारठवतात. बनियनपासून मोज्यांपर्यंत लोकर किंवा कृत्रिम धाग्याचेच कपडे असावेत.

उत्तर : गाविलगडवाला

वरील दोघांशी सहमत आहे, तरी सरावाबाबत तरुणांचे म्हणणे अर्धेच चूक आहे, असे माझे मत आहे. त्यांचा दम पुरेल. उतारावर गुडघे पुरतील की नाही, ही शंका आहे, कारण सपाट रानात चालणाऱ्याला लांब उतरणीची सवय नसते. चिखलदरा आपल्यापासून लांब नाही. पाठपिशवीत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेवून घाटातल्या डांबरी रस्त्याने पहाटे चढावे आणि ऊन तापण्याआधी उतरावे. दर आठवड्याला एकेक बाटली वाढवावी. नवे बूट याच वेळी पायांत मुरवून घ्यावेत. मेळघाटच्या जंगलातील पायवाटांवर मात्र परवानगीशिवाय शिरू नये. तो व्याघ्र प्रकल्प आहे आणि अस्वलेही आहेत. हर-की-दूनचा परिसरही गोविंद राष्ट्रीय उद्यानात येतो, तेव्हा नैटवाडच्या नाक्यावर लागणारी ओळखपत्रे सर्वांची एकत्र ठेवा.

प्रश्नकर्ता : चांदूरबाजारकर

सर्वांचे आभार. काल बैठक झाली. मधला मुक्काम वाढवण्याचे ठरले असून त्यासाठी दिल्लीत फिरण्याचा दिवस रद्द केला आहे. विचारपूस करण्याचे काम आमच्या शाळेतील शिक्षकांकडे दिले आहे. काकाजींची तपासणी येत्या सोमवारी आहे. एक शंका उरते : नऊ जणांसाठी पाच लिटरचा एकच कुकर न्यावा की तीन लिटरचे दोन?

उत्तर : पायवाट, वर्धा

तीन लिटरचे दोन न्यावेत. दोन पाठींवर विभागता येतात, आणि एकाची शिट्टी बिघडली तरी दुसऱ्यावर खिचडी होते. वाटेत वापरायला एक जादा रबरी रिंग अवश्य ठेवा.