मदत हवी आहे: मशेरी सुटतेय, पण सकाळी पोट साफ होत नाही

वय ६०च्या पुढे, मशेरी ३० वर्षांहून जास्त. दिवसाला चार वेळा, पहिली चिमूट उठल्या उठल्या, पोट साफ होण्याआधीच. तंबाखू घरीच तव्यावर काळीभोर होईपर्यंत भाजायची. तो धूर स्वयंपाकघरात नातवंडांच्याही नाकात जातो, म्हणून भाजणं आधी बंद केलं.

आता दिवसाला एकच चिमूट उरलीय. चिडचिड, डोकं जड, झोपेचा खेळखंडोबा, हे सगळं अपेक्षितच होतं. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत वाईट, मग दोन-चार आठवड्यांत निवळतं. अडलंय ते सकाळचं पोट. निकोटिन आतड्याला हलवतं, ते कमी झालं की काहींना बद्धकोष्ठ होतं. इसबगोल रात्री एक चमचा, वर भरपूर पाणी, असं चालू आहे. सोनामुखीचं चूर्ण मुद्दाम टाळलंय, एक सवय सोडवताना दुसरी नको.

दुसरी अडचण निकोटिन गमची. झणझणलं की गालाशी दाबून ठेवायचा, हे सांगूनही तो साध्या च्युइंगमसारखा चघळला जातो. लाळ गिळली की उचक्या आणि छातीत जळजळ. गम घेण्याआधी १५ मिनिटं चहा बंद ठेवणं तर घरात कुणालाच जमत नाही! त्यात खालचे दात हलतायत.

गमऐवजी त्वचेवर चिकटवायचा निकोटिन पॅच कुणी वापरलाय का? दिवसाला चार चिमट्यांच्या सवयीला डॉक्टरांनी किती मिग्रॅचा दिला? आणि हिरडीवरचा पांढरा चट्टा मशेरी थांबल्यावर किती दिवसांनी गेला? दंतवैद्याची वेळ घेतलेलीच आहे.