दोन फुटी टँक आणि फूटभर ऑस्कर

मासेखाऊ_कोपरीकर:
काल नेरूळच्या एका भावाने इथे लिहिलं, "ऑस्कर माशाला दोन फुटी टँक आरामात पुरतो. मासा टँकच्या मापानेच वाढतो. चार फुटी घ्या सांगणारे सगळे दुकानदारांचे दलाल." वाचून इतकं डोकं फिरलं की सविस्तरच लिहितोय.

भाऊ, दुकानातला दीड इंची ऑस्कर वर्षभरात आठ-दहा इंचांचा होतो, पुढे फूटभर. तुमच्या दोन फुटीची रुंदी एक फूट. तो वळणार कसा, कंबर मोडून? आणि 'मापाने वाढतो' ही शुद्ध थाप. वाढ खुंटते ती घाण पाण्याने आणि कोंडमाऱ्याने. खराब पाण्यातल्या ऑस्करच्या डोक्याला खड्डे पडतात, ते बघितलेत का कधी?

२ x १ x १.२५ फूट म्हणजे जेमतेम ७० लिटर. हा प्राणी खातो बकाबका, घाणही तेवढीच. त्या घाणीतून निघणारा विषारी अमोनिया चढायला वेळ लागत नाही. एकट्या ऑस्करला किमान ४ x १.५ x १.५, म्हणजे २५५ लिटर. जोडी हवी तर रुंदी दोन फूट करा. रेडटेल कॅटफिशचं तर नावच नको. तीन इंचांचं ते मिशीवालं गोंडस पिल्लू मीटरच्या वर जातं. वन बीएचकेत त्याला हॉल द्यायचा आणि आपण किचनमध्ये झोपायचं.

नेरूळचा_बंड्या:
झालं लेक्चर? माझा ऑस्कर दोन फुटीत कित्येक वर्षं ठणठणीत आहे. हातातून कोळंबी खातो, मी घरी आलो की काचेशी येतो. तुमचे पुस्तकी आकडे तुमच्यापाशी.

मासेखाऊ_कोपरीकर:
किती इंचांचा झालाय?

नेरूळचा_बंड्या:
सहा. सात असेल.

मासेखाऊ_कोपरीकर:
घ्या! कित्येक वर्षांत सात इंच. माझा पुरावा तुम्हीच पाळलाय.

नेरूळचा_बंड्या:
तोंड सांभाळून. मुलासारखा वाढवलाय त्याला.

चरईचे_सेक्रेटरी:
मासा राहू द्या, बिल्डिंगचं बोला. आमच्याकडे एकाने तिसऱ्या मजल्यावर सहा फुटी ठेवला. ६ x २ x २, नुसतं पाणीच ६८० किलो! वर काच, स्टँड, रेती. स्लॅब पडला तर जबाबदार कोण, सेक्रेटरीच ना? शिवाय उन्हाळ्यात टँकर आम्ही मागवायचे, बिल सगळ्यांनी भरायचं आणि पाणी कोणाला? तर याच्या माशाला.

खारघरची_इंजिनिअर:
काका, घाबरवू नका लोकांना. आयएस ८७५ म्हणजे इमारतींवरच्या भाराचं भारतीय मानक, त्याच्या भाग २ मध्ये राहत्या खोल्यांसाठी चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो भार धरतात. पण तो अख्ख्या खोलीवर पसरलेला. १० x १२ च्या खोलीचे ११ चौरस मीटर, म्हणजे एकूण २२०० किलो. चार फुटीचं सगळं मिळून साडेतीनशेच्या आसपास. बीमवर, भिंतीला लागून ठेवला तर चांगल्या बिल्डिंगीत काळजी नाही. खोलीच्या मध्यावर नको. सहा फुटीला मात्र इंजिनिअरला दाखवूनच.

चरईचे_सेक्रेटरी:
चांगल्या बिल्डिंगीत, ताई! आमच्या जिन्याखाली सळया उघड्या पडल्यात. डागडुजीचा फंड मागितला की हेच टँकवाले मीटिंगला गैरहजर. पार्किंगच्या ठरावाला बरे हजर असतात.

खारघरची_इंजिनिअर:
सळया दिसत असतील तर टँक सोडा, आधी स्ट्रक्चरल ऑडिट करा. ते मी गंभीरपणे सांगतेय. पार्किंगचं तुम्ही तुमचं बघा.

मासेखाऊ_कोपरीकर:
आणि पाण्याचा हिशोब उलटा आहे, काका. २५५ लिटरचा तिसरा हिस्सा बदलला की आठवड्याला ८५ लिटर. तोच ऑस्कर दोन फुटीत असेल तर दिवसाआड निम्मं पाणी काढावं लागतं, आठवड्याला शंभराच्या वर. मोठ्या टँकलाच पाणी कमी. काढलेलं कुंड्यांना घाला, झाडं खूश.

येऊरच्या_वाटेवर:
ऑस्करसारखा शिकारी मासाच हवा आणि जागा नाही, तर छोटी देशी मरळ का नाही पाळत? चन्ना गाचुआ जेमतेम २० सेंटीमीटर होते, वरची हवाही घेते, नर तोंडात पिल्लं सांभाळतो. फक्त झाकण घट्ट लावा. माझी एकदा सोफ्याखाली सापडली, धुळीने माखलेली आणि जिवंत. घरात त्यानंतर जे झालं ते इथे लिहीत नाही.

नेरूळचा_बंड्या:
सोफ्याखालच्या मरळीपेक्षा माझा ऑस्कर बरा. बरं, कोपरीकर, तुम्ही जिंकलात, खूश? भिंतीला लागून, बीमवर, चार फुटी. आता सांगा, आमच्या लिफ्टमध्ये चार फुटी काच शिरत नाही. पाचव्या मजल्यावर जिन्याने चढवायला कोण येणार, दुकानदारांचे दलाल?

मासेखाऊ_कोपरीकर:
दलालाला रविवारी वेळ आहे. सायकल पूर्ण होईपर्यंत, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढेपर्यंत, मासा मात्र नव्या टँकमध्ये टाकायचा नाही. नवा फिल्टर जुन्या टँकमध्ये जुन्याच्या जोडीला लावून चालवा आधी.

नेरूळचा_बंड्या:
परत लेक्चर.

चरईचे_सेक्रेटरी:
मी तुमच्या सोसायटीत असतो तर आधी एनओसी मागितली असती. दोन प्रतींत.