स्वतःला नाकारायचे आणि स्वतःचे मोलही ओळखायचे, हे कसे?

प्रश्न (सदर, नागपूर)

प्रभू येशूच्या नावाने सर्वांना सलाम. मी प्रोटेस्टंट मंडळीत लहानाची मोठी झाले. पदवीनंतरची बरीच वर्षे स्पर्धा परीक्षांच्या तयारीत गेली, यश आले नाही आणि आता वयोमर्यादा संपत आली आहे. घरी कोणी बोलून दाखवत नाही, पण लग्नकार्यात ‘सध्या काय करतेस?’ असे कोणी विचारले की मी तेथून उठून जाते. देवाच्या दृष्टीने प्रत्येक जण मोलवान आहे, असे मी उपासनेत ऐकते. आणि पुढच्याच रविवारी मत्तय १६:२४ वर उपदेश होतो की, ज्याला येशूच्या मागे यायचे आहे त्याने आत्मत्याग करावा. मग स्वतःचे मोल शोधणे हा गर्व ठरतो का? आणि जे मोल सगळ्यांनाच सारखे दिलेले आहे, त्याचा मला, एकटीला, नेमका आधार कसा वाटावा? कृपया नुसती वचने पाठवून थांबू नये; ती मला पाठ आहेत.

उत्तर १ (निवृत्त शिक्षक, मोहननगर)

ताई, आत्मत्यागाचे वचन आपल्याकडे फार वेळा अर्धवट शिकवले जाते, असे माझे स्पष्ट मत आहे. उत्पत्ती १:२७ प्रमाणे जो माणूस देवाच्या प्रतिरूपात निर्माण झाला, त्याला तुच्छ लेखायला येशू सांगत नाही. तसे असते तर ‘शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’ या आज्ञेला काही अर्थच उरला नसता. त्यागायचे काय, ते पौल फिलिप्पैकरांच्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात उघड सांगतो. आपले कुळ, बन्यामीनचा वंश, परूशी पंथातले शिक्षण, नियमशास्त्राचे काटेकोर पालन ही सारी यादी तो मांडतो आणि ख्रिस्तापुढे ती हानी समजतो. म्हणजे जिच्या जोरावर माणूस स्वतःला सिद्ध करतो, ती यादी सोडायची. यश मिळालेल्याला ती सोडणे जड जाते. आपल्याला मात्र ती अपुरी राहिल्याचे दुःख आहे, आणि दोघांनाही तीच यादी बांधून ठेवते.

आपला दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. मत्तयाच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा दाखला पुन्हा सावकाश वाचावा. आपल्या शहरात सकाळी ठिय्यावर मजूर उभे असतात, तसेच ते लोक बाजारात उभे आहेत. मालक पहाटे जातो, मग दर तीन तासांनी जातो आणि दिवस संपायला एक तास उरला असतानाही जातो. ‘दिवसभर येथे रिकामे का उभे?’ या प्रश्नाला ते उत्तर देतात की, आम्हांला कोणी कामावर लावले नाही. या उत्तरावर मालक त्यांना दोष देत नाही. संध्याकाळी त्यांनाही पूर्ण दिवसाची मजुरी मिळते, कारण घरची चूल काही एका तासाच्या मजुरीवर पेटत नाही. ‘तुम्ही त्यांना आमच्या बरोबरीचे केले’ ही तक्रार पहाटे आलेल्यांची आहे. मोल सर्वांना सारखे असणे कोणाला फिके वाटते आणि कोणाला जीवदान वाटते, हे त्या रांगेत आपण कोठे उभे आहोत त्यावर ठरते.

उत्तर २ (परिचारिका, कॅथलिक)

सरांच्या विवेचनात एवढीच भर घालते की, मार्क १:११ मध्ये ‘तू माझा परमप्रिय पुत्र आहेस’ ही वाणी बाप्तिस्म्याच्या वेळी झाली. तोवर येशूने एकही उपदेश केला नव्हता की एकही रोगी बरा केला नव्हता. प्रीती आधी, कार्य नंतर, हाच तेथला क्रम आहे. आणि खिन्नता फार दिवस राहिली, झोप किंवा भूक गेली, तर तो विश्वासाचा उणेपणा समजू नये. पहिले राजे, अध्याय १९ मध्ये एलीया संदेष्टा मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला बोल लावत नाही. भाकर आणि पाणी देतो व पुन्हा झोपू देतो. टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा शासकीय क्रमांक विनामूल्य आहे. त्यावर मराठीतही बोलता येते.

उत्तर ३ (इंदोरा)

वरील दोन्ही उत्तरे मला मान्य आहेत, परंतु हा प्रश्न केवळ अंतःकरणात सुटणारा नाही. याच शहरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. माणसाचे मोल समाजात दिसले पाहिजे, हे नागपूरला वेगळे सांगावे लागत नाही. आमच्यासारख्या दलित ख्रिस्ती कुटुंबांना अनुसूचित जाती ठरवणाऱ्या राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशानुसार त्या जातींच्या सवलती नाहीत; शीखांचा समावेश १९५६ मध्ये आणि बौद्धांचा १९९० मध्ये झाला, आम्ही बाहेरच राहिलो. परीक्षेचा निकाल पुष्कळदा अशाही कारणांनी ठरतो, आणि तो माणसाच्या योग्यतेचा निवाडा मानू नये. मात्र मंडळीनेही आत्मपरीक्षण करावे. याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा देण्याबद्दल सभेला खडसावतो. आपल्या कमिटीत कोण बसते, वाचनासाठी कोणाला बोलावले जाते, बेरोजगार तरुण-तरुणींना कोणती जबाबदारी दिली जाते, हे पाळकांना जरूर विचारावे.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पाळकसाहेबांशी बोलेन. एक शंका मात्र उरते. दाखल्यात मालक उशिरा का होईना, बाजारात आला. ज्यांच्याकडे शेवटपर्यंत कोणी आलेच नाही, त्यांचे काय?

उत्तर १ (निवृत्त शिक्षक, मोहननगर)

त्या दाखल्यात त्यांच्याविषयी काही सांगितलेले नाही, आणि मी पदरचे काही घालणार नाही. पण लूक १६ वाचावा. श्रीमंताच्या दाराशी फोडांनी भरलेला एक भिकारी पडून असतो. कुत्र्यांखेरीज त्याच्याजवळ कोणी येत नाही. त्या श्रीमंताचे नाव येशू सांगत नाही. भिकाऱ्याचे सांगतो: लाजर. येशूच्या सर्व दाखल्यांतील गरीब-श्रीमंत, मजूर-मालक, बाप-लेक यांपैकी नाव एवढ्या एकालाच आहे.