मनाई हुकूम मोडला, आता हायकोर्टात अवमान याचिका की खालीच अर्ज? (मदत हवी आहे)

सामाईक विहिरीवरून चुलत भावाशी दिवाणी दावा चालू आहे. आमच्या पाळीला त्याने अडथळा करायचा नाही, असा तात्पुरता मनाई हुकूम तालुका कोर्टाने दिलाय. हुकूम त्याला बजावलाय, पोच आहे. तरी गेल्या पाळीला त्याने आमच्या स्टार्टर पेटीला स्वतःचं कुलूप लावलं आणि पाइप करवतीने कापला. वर म्हणतो, कोर्ट काय पाणी शेंदायला येणार आहे का!

वकीलसाहेब म्हणतात, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या (सीपीसी) ऑर्डर ३९ रूल २अ खाली, म्हणजे मनाई हुकूम मोडल्याबद्दल, इथेच अर्ज करू. मेहुणे म्हणतात, थेट हायकोर्टात कंटेम्प्ट टाका, सरळ जेलच. राज्यघटनेचं कलम २१५ आणि १९७१ च्या अवमान कायद्याचं कलम १० वाचलं. खालच्या कोर्टाच्या अवमानाची शिक्षाही हायकोर्ट देऊ शकतं असं दिसतं. मग तिथेच का जाऊ नये? आम्हाला तो आत जायला नकोय, पाणी हवंय.

प्रतिसाद १:
अधिकार आहे, पण खाली सोय असताना हायकोर्ट बहुधा 'आधी तिकडे जा' म्हणतं. आणि मेहुण्यांना सांगा, सरळ जेल वगैरे काही नसतं. अवमान कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कमाल शिक्षा ६ महिने साधी कैद, दंड २,००० रुपयांपर्यंत. त्यातही दिवाणी अवमानात (म्हणजे कोर्टाचा हुकूम मोडल्यावर) दंड पुरेसा नाही असं वाटलं तरच दिवाणी तुरुंग. मनापासूनची माफी कोर्टाला पटली तर तेही टळतं. उलट २अ मध्ये मालमत्तेची जप्ती आणि ३ महिन्यांपर्यंत दिवाणी कैद. जप्तीला माणूस जास्त घाबरतो, हा माझा अनुभव. पाण्यासाठी त्याच तालुका कोर्टात सीपीसीच्या कलम १५१ खाली पोलीस संरक्षण मागा. हायकोर्टाचा विचार असलाच तर अवमान कायद्याच्या कलम २० ची १ वर्षाची मुदत विसरू नका.

धागाकर्ता:
आभार. पण पीक वाळतंय. पाइप आत्ताच जोडला तर पुरावा जाईल ना?

प्रतिसाद २:
जोडा, पण आधी तारखेसह फोटो काढा, कापलेला तुकडा जपून ठेवा. कोर्ट कमिशनर (कोर्टाच्या वतीने जागेची पाहणी करणारा) नेमायचा अर्ज द्यायचा असेल तर वकिलांना आजच विचारा. त्याने हे जाणूनबुजून केलं, हे दाखवावं लागेल, म्हणून हुकूम बजावल्याची पोच अर्जाला पहिली जोडा.