विणकामातून थोडी कमाई आणि मनाला शांतता, दोन्ही जमतं का?

नवी_सुई:
नमस्कार. आठ महिन्यांपूर्वी विणकाम शिकले. रात्री सगळं आवरलं की तासभर सुया हातात घेते आणि दिवसभराचा गलका डोक्यातून उतरतो. आतापर्यंत तीन मफलर आणि दोन कानटोप्या झाल्या. आता ओळखीतल्या एकीने मुलासाठी स्वेटर विणून मागितलाय, पैसे देणार म्हणाली. लोकरीचा खर्च निघून वर थोडे हातात राहिले तरी मला पुष्कळ. पण पैसे आले की ही शांतता जाईल, अशी धास्ती वाटते. काय करू?

लोकरवेडी:
स्वेटरची ऑर्डर घेऊ नका. एवढ्यात तरी नाही.

मी सोळा वर्षं विणतेय, त्यातली अकरा वर्षं विकतेही. पहिली ऑर्डर स्वेटरचीच होती, तारीख ठरवून घेतलेली. तो स्वेटर अजून डोळ्यांसमोर आहे. मागच्या भागाचा खालचा अर्धा मऊ, सैलसर. वरचा अर्धा, तारीख जवळ आल्यावर विणलेला, इतका घट्ट की डाव्या सुईवरचे टाके पुढे सरकेनात, बोटाने ढकलावे लागत. मनातली घाई टाक्यात उतरते आणि धुतल्यावरही जात नाही.

तेव्हापासून माझा नियम एकच: आधी विणायचं, मग विकायचं. झालेल्या वस्तू डब्यात जमतात, कुणी मागितलं की डबा उघडते. रंग आवडला तर घ्या, नाहीतर राहू द्या.

आता हिशेब. विक्रीची किंमत लोकरीच्या तिप्पट, हा ठोकताळा खूप जणी वापरतात. तान्ह्या बाळाच्या टोपीला 50 ग्रॅमचा एक गुंडा पुरतो आणि माझे तीन तास जातात. म्हणजे तीन तासांचे दोन गुंड्यांइतके पैसे सुटतात. लहान मुलाच्या स्वेटरला चार गुंडे आणि तीस तास. सुटतात आठ गुंड्यांइतके. तासाचा विचार केला तर टोपी अडीचपट देते! स्वेटरची किंमत तासांवर लावली तर घेणारा बिचकतो, आणि त्याचंही चुकत नाही. म्हणून टोप्या, मोजे, पट्ट्या विका. स्वेटर आपल्या माणसांसाठी ठेवा. मला यातून वर्षभराची लोकर सुटते, शिवाय थोडी शिल्लक. घर यावर चालणार नाही, हे मात्र मनाशी पक्कं असू द्या.

शांततेचं म्हणाल तर ते नुसतं आपल्याला वाटतं असं नाही. 2013 साली ब्रिटिश जर्नल ऑफ ऑक्युपेशनल थेरपीमध्ये साडेतीन हजारांवर विणणाऱ्यांची पाहणी छापून आली होती. जे वारंवार विणत होते, त्यांनी जास्त शांत आणि आनंदी वाटतं असं सांगितलं. उत्तरं देणारे मुळात विणकामाची आवड असलेलेच होते, हे धरून चालावं. पण सुलट-उलट टाक्यांची लय लागली की श्वास आपोआप संथ होतो, हे मी रोज अनुभवते.

तिसरी_ओळ:
लोकरवेडींशी सहमत. विकायच्या वस्तूवर धुण्याची सूचना नक्की लिहा. माझी शुद्ध लोकरीची टोपी एकीने गरम पाण्यात मशीनला लावली. लोकरीचे तंतू एकमेकांत अडकून टोपी नमद्यासारखी आळली. तिचा दोष नव्हता, मी सांगितलंच नव्हतं. आता बाळांच्या वस्तूंना मशीनमध्ये चालणारी लोकर किंवा अ‍ॅक्रिलिक वापरते. बाळांच्या कपड्यांना गोंडे, सैल बटणं आणि गळ्याशी नाड्या नकोतच. आणि दुसऱ्या कुणाचा विणीचा नमुना वापरलात तर त्यावरून विणलेलं विकायची मुभा आहे का, ते आधी वाचा.

नवी_सुई:
खूप आभार. स्वेटरला नाही म्हणते, टोपी देते म्हणून सांगते. अजून एक विचारू? माझ्या कानटोप्या सैल झाल्या. टाके नमुन्यात होते तेवढेच घातले होते.

लोकरवेडी:
टाके मोजून भागत नाही, हात मोजावा लागतो, म्हणजे आपण किती सैल किंवा घट्ट विणतो ते. त्याच लोकरीचा, त्याच सुयांवर पंधरा सेंटीमीटरचा चौकोन विणा, धुवा, वाळू द्या. मग मधल्या 10 सेंटीमीटरमधले टाके मोजा. कडेचे टाके धरू नका, ते ओढलेले असतात. नमुन्यात 22 असतील आणि तुमचे 20 आले, तर 88 टाक्यांची टोपी 40 ऐवजी 44 सेंटीमीटर होते. तेवढ्याने ती डोळ्यांवर येते. टाके कमी आले तर एक नंबर बारीक सुई घ्या, जास्त आले तर जाड.

आणि हो, एका वस्तूची सगळी लोकर एकदम घ्या, लेबलवरचा लॉट नंबर, म्हणजे एकदम रंगवलेल्या लोकरीचा क्रमांक, जुळवून. रात्रीच्या दिव्यात दोन लॉट सारखेच दिसतात, उन्हात नेल्यावर रंगातला फरक कळतो.