नऊ लाखांत जुन्या टूबीएचकेचं काम काढायचंय – इंटिरियर डिझायनर घ्यावा का, आणि कसा निवडावा?

नमस्कार मंडळी,

पुण्यात सिंहगड रस्त्यावर आमचा टूबीएचके आहे. इमारत १९९४ सालची, कार्पेट ६२० चौरस फूट, दुसरा मजला. घरात आम्ही दोघं, यंदा दहावीत जाणारी मुलगी आणि गुडघेदुखीने बेजार सासूबाई. आजवर रंग सोडला तर घराला हात लावलेला नाही. आता मात्र इलाज नाही. बाथरूमचे पाइप गंजलेत, खालच्यांच्या छताला ओल येते (आणि सोसायटीच्या दर मीटिंगला ते आठवणीने सांगतात), ओट्याखालच्या कडप्प्याच्या मांडणीत झुरळांचं राज्य आहे आणि गीझर चालू असताना मिक्सर लावला की फ्यूज जातो.

बजेट नऊ लाख. म्हणजे सगळं धरून नऊ. काम चालू असतानाचं भाड्याचं घर, सामानाची ने-आण, सोसायटीचं डिपॉझिट, सगळं त्यातच. कर्ज काढायचं नाही हे घरात पक्कं ठरलंय.

आत्तापर्यंत तीन ठिकाणी बोललो.

पहिलं बाणेरकडचं एक शोरूम. गारेगार ऑफिस, कॉफी, भिंतीएवढ्या टीव्हीवर थ्रीडी. घर बघायला कुणीही आलं नाही, प्लॅनचा फोटो मागवला आणि साडेअकरा लाख अधिक जीएसटी असं कोटेशन पाठवलं. त्यात प्लंबिंग आणि वायरिंग नाहीच. विचारलं तर म्हणे, "सिव्हिल आमच्या स्कोपमध्ये येत नाही, मॅडम." थ्रीडीत आमच्या हॉलला जेवढी खिडकी दाखवली आहे तेवढी आमची भिंतसुद्धा नाही.

दुसरी मैत्रिणीच्या ओळखीतली, स्वतंत्र काम करणारी डिझायनर. घरी आली, टेप लावून सगळं मोजलं, सासूबाईंना उठता-बसताना नेमका कुठे त्रास होतो ते त्यांनाच विचारलं. फी ७५,०००. त्यात सगळी ड्रॉइंग्ज, साहित्याची यादी आणि आठवड्यातून दोनदा साइटवर चक्कर. माणसं तिची घ्या किंवा तुमची लावा, म्हणाली. सिव्हिल, प्लंबिंग, वायरिंग धरून तिचा अंदाज साडेआठ लाख, फी वेगळी. म्हणजे भाड्याचा हिशोब करायच्या आधीच आम्ही नऊच्या पुढे!

तिसरे आमच्याच सोसायटीत बरीच कामं केलेले मिस्त्री. सहा-साडेसहा लाखांत सगळं. कोटेशन वहीच्या पानावर, आकडे गोल, आणि "वहिनी, काळजी करू नका, होऊन जाईल." त्यांनी केलेलं वरच्या मजल्यावरचं किचन पाहिलं. दिसायला छान, पण सिंकखालच्या दाराची एजबँड (उघडी कड झाकणारी पट्टी) सुटून कड पापडासारखी फुगली आहे. ते काम फार जुनंही नाही.

खरी अडचण म्हणजे या तिघांची तुलनाच करता येत नाही. बेडरूममधल्या एका वॉर्डरोबचंच बघा. सात फूट रुंद, सात फूट उंच. शोरूमचा दर १,९५० रुपये चौरस फूट, डिझायनरचा १,४५०, आणि मिस्त्रींची नुसती मजुरी ४२०, माल आमचा. साहित्याच्या रकान्यात शोरूमने लिहिलंय 'इंजिनिअर्ड वूड', मिस्त्रींच्या वहीत 'चांगला प्लाय'. डिझायनरच्या यादीत १८ एमएम बीडब्ल्यूआर प्लाय, कंपनीचं नाव, बाहेरून १ एमएम आणि आतून ०.८ एमएम लॅमिनेट, बिजागरं सॉफ्ट क्लोज, नग किती, इथपर्यंत. वाचायला बरं वाटतं, पण यातलं कळतं कुणाला!

तर विचारायचं हे, की एवढ्याशा बजेटमध्ये डिझायनरला पाऊण लाख देणं शहाणपणाचं आहे का? आमच्या अहोंचं मत, "त्या पैशात एक बाथरूम होईल." शिवाय डिझायनर मंडळींना दुकानदारांकडून कमिशन मिळतं असं ऐकते. ते तोंडावर कसं विचारायचं? आणि पैसे कोणत्या टप्प्याला किती द्यायचे? मिस्त्री निम्मे आगाऊ मागतायत.

काम गणपतीच्या आत संपलं पाहिजे. नंतर मुलीचा अभ्यास.

*

टाचणी

शोरूम आजच्या आज यादीतून काढा. इंजिनिअर्ड वूड या नावाखाली पार्टिकल बोर्डही येतो, एमडीएफही येतो आणि एचडीएचएमआर (दमटपणाला टिकणारा दाट बोर्ड) सुद्धा. तिघांच्या किमतीत आणि आयुष्यात खूप फरक आहे. लेखी नाव देत नसतील तर त्यातलं सगळ्यात स्वस्त धरून चालायचं. पार्टिकल बोर्डाला एकदा पाणी लागलं की तो परत जागेवर येत नाही.

पण तुमचा मुख्य प्रश्न फर्निचरचा नाहीच. तीस वर्षांचे जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप आणि झिरपणारं बाथरूम असलेल्या घरात पहिले तीन-साडेतीन लाख अशा ठिकाणी जाणार आहेत जिथे पाहुण्यांची नजरसुद्धा जाणार नाही. ते आधी बाजूला काढा आणि उरलेल्यात फर्निचर बसवा. बहुतेक लोक उलटं करतात, मग शेवटी वॉटरप्रूफिंगवाल्याशी घासाघीस करत बसतात.

बाथरूम फोडलं की स्लॅबपर्यंत जाऊ द्या. जुन्या टाइलवर नवी टाइल चिकटवून देतो म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. वॉटरप्रूफिंग झालं की टाइल लावायच्या आधी ड्रेनची तोंडं बंद करून ४८ तास पाणी भरून ठेवायचं. त्या वेळी खालच्या मजल्यावरच्यांना आवर्जून छत बघायला सांगा. मीटिंगमधला एक विषय कायमचा संपेल.

वायरिंग पूर्ण नवीन. दिव्यांना १.५, साध्या प्लगना २.५, गीझर आणि एसीला ४ स्क्वेअर एमएमची स्वतंत्र लाइन, शिवाय आरसीसीबी (करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच). महावितरणच्या बिलावर मंजूर भार किती आहे तेही बघा, एसी लावायचा विचार असेल तर वाढवून घ्यावा लागेल. भिंती बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचा टेप धरून फोटो काढा. उद्या आरसा लावताना ड्रिल पाइपात जाणार नाही.

*

करवत

डिझायनर म्हणजे ज्याला तुमच्या घरात तुमच्यापेक्षा फॉल्स सीलिंग जास्त प्रिय असतं! मी दोन घरं डिझायनरशिवाय केली, काही अडलं नाही. सरळ सुताराला गाठा, भवानी पेठेतून प्लाय उचला, बोहरी आळीतून हार्डवेअर, तपकीर गल्लीतून लाइट. पाऊण लाख वाचले.

*

घडवंची

करवत, तुमच्याकडे वेळ होता. आम्हीही मजुरीवर काम केलं, म्हणून त्या सात बाय सातच्या वॉर्डरोबचा हिशोबच मांडते. आमच्या वेळच्या भावांवरून आहे, थोडं इकडेतिकडे धरा.

१८ एमएमच्या सात शीट, ३,३०० ने २३,१००. मागच्या बाजूला ६ एमएमच्या दोन, २,६००. बाहेरचं लॅमिनेट ४,८००, आतलं ६,५००. बिजागरं, चॅनेल, हँडल, कुलपं मिळून ६,०००. फेविकॉल, खिळे, एजबँड, टेम्पो, हमाली ३,०००. झाले ४६,०००. त्यात ४९ चौरस फुटांची ४२० ने मजुरी, २०,५८०. एकूण ६६,५८०.

डिझायनरच्या दराने तेच कपाट ७१,०५० ला पडतं. फरक साडेचार हजारांच्या आत! त्यासाठी दुपारी सुताराचा फोन येणार, "ताई, एक शीट कमी पडली," की तुम्ही ऑफिसातून निघणार. आणि शीट कमी पडतेच, कारण माल तुमचा असला की कटिंग जपून करायची कुणाला पडलेली नसते. शोरूमचं तेच कपाट ९५,५५०, वर १८ टक्के जीएसटी धरला तर १,१२,७४९. तेव्हा टाचणीशी सहमत.

एक मात्र डिझायनरला नक्की विचारा: चौरस फुटाचा दर लॉफ्टलाही तोच आहे का? लॉफ्टला नुसती फ्रेम आणि दारं असतात, कप्पे नसतात. आमच्याकडे आधी दोन्हीला एकच दर लावला होता, विचारल्यावर निमूट कमी झाला. ड्रॉवर दरात धरलेत की प्रत्येकी वेगळे, तेही आत्ताच. बिलं फुगतात ती तिथे.

*

दुपारचा चहा

मी याच धंद्यात आहे, तेव्हा कमिशनबद्दल स्पष्ट सांगतो. हो, मिळतं. प्लाय, लॅमिनेट, टाइल्स, लाइट, सगळीकडे. सगळेच घेतात असं नाही, पण दुकानदार देऊ करतो हे नक्की. म्हणून लाजू नका. सरळ म्हणा, "तुम्ही माझ्याकडून फी घेताय, तर दुकानात मिळणारी सूट माझ्या बिलात दिसली पाहिजे, आणि बिल माझ्या नावावर हवं." उत्तर काय येतं यापेक्षा ते किती पटकन येतं ते बघा. जो फी अजिबात घेत नाही, 'डिझाइन फ्री' म्हणतो, त्याची फी मालाच्या दरात असते. त्यापेक्षा डोळ्यांसमोरचे ७५,००० बरे.

दुसरं, आपल्याकडे इंटिरियर डिझायनर ही पाटी कुणीही लावू शकतं. आर्किटेक्ट म्हणवून घ्यायला १९७२ च्या कायद्याखाली काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी लागते, तसं इंटिरियरला काही नाही. त्यामुळे पदवीपेक्षा काम बघा. आणि काम बघायचं म्हणजे इन्स्टाग्रामवर नाही. निदान दोन पावसाळे काढलेलं घर दाखवायला सांगा. तिथे गेलात की सिंकखालचं दार उघडा, बाथरूमच्या दाराची खालची कड बघा, सगळ्यात जड ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढा. मग घरमालकाला एकच विचारा: काम संपल्यावर बोलावलं तर येतात का?

तुमच्या बजेटला पूर्ण देखरेख परवडत नसेल तर फी तोडून मागा. ड्रॉइंग्ज आणि साहित्याची यादी एवढं एकरकमी. मग साइट व्हिजिट ठरलेल्या टप्प्यांवरच: फोडाफोड झाल्यावर, पाइप-वायर बुजवण्याआधी, वॉटरप्रूफिंगच्या चाचणीला, सुतारकामाचे सांगाडे उभे राहिल्यावर, आणि शेवटी. आठवड्यातून दोनदा येऊन नुसतं उभं राहण्यात तिचाही वेळ जातो.

तिची यादी हातात आली की तीच, जशीच्या तशी, मिस्त्रींना द्या आणि म्हणा, याच्यावर दर टाका. तेव्हा त्यांचे साडेसहा लाख कुठे जातात ते कळेल. कदाचित खरंच स्वस्त पडतील, सगळेच मिस्त्री वाईट नसतात. पण सिंकखालच्या बॉक्सला बीडब्ल्यूपी प्लाय (बीडब्ल्यूआरपेक्षा पाण्याला जास्त टिकणारा), शिक्क्यावर आयएस ७१० हा मानक क्रमांक असलेला, हे यादीत लिहूनच द्या. तोंडी 'वॉटरप्रूफ' चालणार नाही.

निम्मे आगाऊ अजिबात नको. दहा टक्के बुकिंगला, पुढचे काम उभं राहील तसे, आणि निदान दहा टक्के सगळं संपून राहायला गेल्यावर पंधरा दिवसांनी. पैसे बँकेतून द्या आणि बिल घ्या. दुर्दैवाने जिल्हा ग्राहक आयोगात जायची वेळ आलीच तर वहीच्या पानापेक्षा ते कामाला येईल.

@करवत, फॉल्स सीलिंगबद्दल मात्र मान्य. जुन्या इमारतीत आधीच उंची कमी, त्यात सहा इंच खाली आणलं की पंखा डोक्यावर आल्यासारखा वाटतो.

*

टाचणी

राहिलंच. काम सुरू करायच्या आधी सोसायटीची लेखी परवानगी घ्या. कामाच्या वेळा, लिफ्टमधून काय न्यायचं, राडारोडा कुठे टाकायचा, सगळं त्यात येऊ द्या. राडारोडा उचलायचा खर्च कुणाचा हेही कोटेशनमध्ये हवं, तो नेहमी 'एक्स्ट्रा' निघतो. आणि ओपन किचनच्या नादात कुणी कॉलम-बीमला हात लावायचं म्हणालं तर स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या कागदाशिवाय छिन्नीसुद्धा लावू देऊ नका.

गणपतीच्या आत हवं असेल तर वॉटरप्रूफिंग आणि प्लास्टर मे संपायच्या आत उरका. पावसाळ्यात प्लास्टर वाळत नाही. ओल्या भिंतीवर पुट्टी लावली की पुढच्या वर्षी पोपडे, आणि त्याच भिंतीला लागून कपाट असेल तर त्याच्या पाठीला बुरशी.

*

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. घडवंची, तो हिशोब प्रिंट काढून अहोंसमोर ठेवला. पहिल्यांदाच ते काही बोलले नाहीत!

डिझायनरशी पुन्हा बसलो. कमिशनचा प्रश्न मी चाचरतच विचारला. तिने लगेच मोबाइलवर एका दुकानाचं बिल दाखवलं, त्यात सूट वेगळ्या ओळीत होती आणि नाव ग्राहकाचं. टप्प्याटप्प्याच्या व्हिजिट्सवर ४८,००० ला तयार झाली. लॉफ्टचा दर वेगळा, तोही तिने यादीत घातला. तिचं एक तीन वर्षांपूर्वीचं घर बघून आलो. सिंकखाली वाकले तर तिथल्या काकू हसायला लागल्या, म्हणाल्या, "सगळे तेच बघतात." कोरडं ठणठणीत होतं. एक ट्रॉली मात्र अडकत होती, ती दुरुस्त करून द्यायला कुणी आलं नाही असंही त्यांनी सांगितलं. तो मुद्दा आता करारात 'काम संपल्यावर सहा महिने मोफत दुरुस्ती' असा घालून घेतोय.

हॉलचं टीव्ही युनिट, मुलीच्या खोलीतलं नवं कपाट आणि अर्थातच फॉल्स सीलिंग, तिन्ही कापलं. जुना सागवानी पलंग पॉलिश करून तोच ठेवतोय, सासूबाईंना तोच हवा होता. त्यामुळे फी धरून आकडा आठ लाख दहा हजारांपर्यंत उतरला. उरलेल्या नव्वदमध्ये भाडं, टेम्पो आणि डिपॉझिट. हाताशी फार राहत नाही, पण बसतंय.

सिव्हिल आणि प्लंबिंग मात्र मिस्त्रींनाच द्यावं असं डिझायनरचंही मत पडलं. ते त्यांचं हातखंडा काम आहे, सुतारकामच कच्चं. यादीवर दर टाकायला वही घेऊन गेलेत, परवा देतो म्हणाले.

आता एकच सांगा. सासूबाईंसाठी कमोडशेजारी आणि शॉवरपाशी धरायला स्टीलचे दांडे लावायचेत. बाथरूमची ती भिंत चार इंची विटांची आहे. टाइल लावायच्या आधी भिंतीत काही बसवून ठेवावं लागतं, की नंतर फास्टनर मारून भार पेलेल? आणि जमिनीपासून किती उंचीवर लावले की त्यांना सोयीचं पडेल? कुणी घरात लावले असतील तर जरूर सांगा, प्लंबर सोमवारी येतोय.